एकाला सातानं भाग

दर दिवाळीला या पानावर मी एखाद्या शब्दाची नाहीतर म्हणीची कुळकथा सांगतो आणि वाचकही ती चकलीबरोबर गोड मानून घेतात. यंदा एका आकड्याविषयी लिहीन म्हणून संपादकांना कळवले, तेव्हा त्यांनी उलट विचारले, "आकड्याविषयी? तुम्ही?" त्यांचा काही दोष नाही. गणिताचे आणि माझे वाकडे आहे, ही बातमी मीच गेली वीस वर्षे गावभर करून ठेवली आहे.

कॉलेजात नव्या वर्गावर पहिल्या तासाला माझे एक ठरलेले वाक्य असते. "मी मराठीकडे वळलो तो केशवसुतांच्या ओढीने नव्हे, बीजगणिताच्या भीतीने." वर्ग हसतो. जी मुले स्वतः तशीच पळून आलेली असतात ती जरा जास्त हसतात, आणि आमची ओळख जमून जाते. लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत, वाण्याच्या दुकानात उरलेले पैसे मोजून घेताना, सगळीकडे मी हेच नाणे चालवत आलो. शुद्धलेखन येत नाही असे चारचौघांत सांगायला माणूस लाजतो. गणित येत नाही हे मात्र तो छाती पुढे काढून सांगतो. असे का, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो गेल्या ऑगस्टात करावा लागला.

आमची कन्या आठवीत आहे. एका संध्याकाळी तिने गणिताच्या चाचणीची उत्तरपत्रिका सहीसाठी माझ्यापुढे ठेवली. वीसपैकी सात. कमी गुणांचे मला फारसे वाटले नाही. त्या बाबतीत मी अनुभवी आहे. पण शेवटची तीन उदाहरणे तिने सोडवायलाच घेतली नव्हती. कागद कोरा होता. खाडाखोडही नाही. "हे का सोडलंस?" असे विचारले तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी बाबांवर गेलेय ना. मला गणित यायचंच नाही."

तिच्या स्वरात खेद नव्हता, लाज नव्हती. उलट थोडी ऐट होती, आणि ती ऐट माझी होती. वाक्याची फेकसुद्धा माझी. कॉलेजातले माझे नाणे माझ्याच घरी परत आले होते आणि त्यावर मुलीचा छाप उठला होता. आमच्या सौभाग्यवती बँकेत आहेत आणि घरातला पै-पैचा हिशेब त्यांच्याकडे असतो. त्यांनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे एकदाच पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

बोलले ते आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. ते आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. नाशिकला एका कापडाच्या पेढीवर त्यांनी सदतीस वर्षे रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. काचबिंदूमुळे नजर फार अधू झाली आहे, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ खिडकीजवळच्या दिवाणावर पडून असतात. सारे घर समजते त्यांचा डोळा लागला आहे, आणि ते सगळे ऐकत असतात.

"तुझ्या बापाला गणित येत नाही, असं कोण म्हणालं गं?" त्यांनी विचारले.

"बाबाच म्हणतात. सगळ्यांना सांगतात."

आप्पा जरा थांबले. मग म्हणाले, "ते आधी मी म्हणालो होतो."

हे वाक्य त्यांच्या तोंडून येईल असे मला कधी वाटले नव्हते. मी पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट. आप्पा पहाटे पाचला उठवून पाढे म्हणून घेत. मारकुटे नव्हते, आवाजही चढवत नसत. बे ते सहा मी कसेबसे पार केले आणि सातावर गाडी अडली. सात पंचे पस्तीसपर्यंत बरे चाले. सात सक म्हटले की डोळ्यांपुढे अंधार. एकदा चव्वेचाळीस म्हणालो, एकदा अठ्ठेचाळीस. आठवडाभर हे चालले. आठव्या दिवशी आप्पांनी माझ्याकडे पाहिले, अंगावरची शाल नीट केली आणि म्हणाले, "राहू दे. तुला नाही जमायचं." दुसऱ्या दिवसापासून मला पहाटे कुणी उठवले नाही. मी आनंदाने झोपून राहिलो आणि आजतागायत त्या वाक्याच्या आडोशाला निवांत राहिलो आहे.

"वही आण," आप्पा नातीला म्हणाले. "एकाला सातानं भाग."

"एकाला सातानं भाग जात नाही, आजोबा."

"जात नाही तर शून्य लिही, दशांशचिन्ह दे आणि एकावर शून्य घेऊन पुढं चल. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले आणि ऐकू लागलो. दहात सात एके सात, बाकी तीन. तिसात सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. विसात सात दुणे चौदा, बाकी सहा. साठात सात आठे छप्पन्न, बाकी चार. चाळिसात सात पंचे पस्तीस, बाकी पाच. पन्नासात सात साते एकोणपन्नास, बाकी एक.

"एक उरला? मग आता काय होईल?"

"पुन्हा दहा… पुन्हा सात एके… आजोबा, हे परत पहिल्यापासूनच चालू झालं!"

"आता वरचे सहा आकडे वाच."

"एक, चार, दोन, आठ, पाच, सात."

"एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दोनानं गुण."

तिने गुणले. २८५७१४. तिनाने गुणले, ४२८५७१. चाराने, ५७१४२८. पाचाने, ७१४२८५. इथे तिची पेन्सिल थांबली. "आजोबा, तेच आकडे येताहेत. त्याच ओळीनं. फक्त सुरुवात बदलतेय." सहाने गुणले, ८५७१४२. "आता साताने," आप्पा म्हणाले, आणि उत्तर आले ९९९९९९. कन्या किंचाळली. मी वर्तमानपत्र खाली केले. सौभाग्यवती हातात झारा घेऊन दारात उभ्या होत्या.

आप्पांना हा आकडा पेढीवरच्या मोठ्या दिवाणजींनी दिला होता. नवा पोरगा कामाला आला की ते पाटीवर हीच संख्या घालीत आणि दोन ते सहांपैकी कोणत्याही आकड्याने गुणायला सांगत. पोराने उत्तर आणले की ते गुणाकार तपासत बसत नसत. सहा आकडे ठरलेल्या ओळीने आले आहेत की नाहीत एवढेच एका नजरेत पाहायचे. पोराला वाटे, दिवाणजी महाज्ञानी आहेत.

त्या रात्री मला झोप आली नाही. हे असे का होते, एवढेच मला कळायला हवे होते. मराठीचा माणूस असल्यामुळे मी प्रथम त्यात चमत्कार शोधला, मग अकरा वाजता उठून कन्येची वही उघडली आणि तिचा भागाकार पुन्हा पाहिला. वरच्या आकड्यांकडे न पाहता मी बाक्या पाहिल्या. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच. साताने भागताना बाकी उरली तर ती एक ते सहा यांतलीच असणार. सातवी बाकी येणार कुठून? इथे त्या सहाच्या सहा येऊन जातात, प्रत्येक एकदाच, आणि मग पुन्हा एक. लहानपणी आपण 'मामाचं पत्र' खेळत होतो तसे हे सहा गडी रिंगण करून बसले आहेत. एकाला साताने भागायला लागा, तुम्ही 'एक' या गड्यापासून फेरी सुरू करता. दोनाला साताने भागा, तुम्ही 'दोन' या गड्यापासून सुरू करता. पण रिंगण तेच, बसण्याचा क्रम तोच, पळायची दिशाही तीच! म्हणून एक-सप्तमांश १४२८५७ ने सुरू होतो आणि दोन-सप्तमांश २८५७१४ ने. गुणाकार म्हणजे नव्या जागेवरून धरलेली तीच फेरी. एवढे माझ्या ध्यानात आले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि मला कुणाला तरी उठवून सांगावेसे वाटत होते. उठवले नाही.

आणखी एक गोष्ट दिसली, ती वाचकांना क्षुल्लक वाटेल. मला वाटली नाही. त्या भागाकारात सातचा पाढा सहा ठिकाणी लागतो. एके, चोक, दुणे, आठे, पंचे, साते. आपल्या आकड्यातले एक, चार, दोन, आठ, पाच, सात म्हणजे हेच. त्रिक, सक आणि नव्वे यांची गरजच पडत नाही. ज्या सात सकाने माझे गणित बुडवले, त्याला या रिंगणात कुणी बसायलाही बोलावलेले नाही!

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात हा आकडा पाहुण्यासारखा राहायला आला. त्याचे गुण एकेक करून कळत गेले. तो मधोमध तोडा, १४२ आणि ८५७, बेरीज ९९९. दोन-दोन आकड्यांचे तीन तुकडे करा, १४, २८ आणि ५७; बेरीज ९९. आठाने गुणले तर ११४२८५६ येतात. कन्या म्हणाली, "बिघडला." आप्पा म्हणाले, "सात आकडे झाले ना? मग पुढचा एक काढ आणि मागच्या सहांत मिळव." १४२८५६ आणि एक, म्हणजे पुन्हा १४२८५७. नवाने गुणून १२८५७१३ आले. पुढचा एक मागे मिळवला, २८५७१४. नवातून सात गेले की दोन उरतात, म्हणून दोनाची फेरी.

याचे कारण मला आप्पांनी त्यांच्या भाषेत समजावले. सातपट केली की ९९९९९९ होतात, म्हणजे दहा लाखांना एक कमी. कुणी दहा लाखांची गड्डी देतो म्हणून सांगितले आणि दर गड्डीत एक रुपया कमी घातला, तर जितक्या गड्ड्या तितके रुपये तूट. पुढे जो आकडा दिसतो तो गड्ड्यांचा. तोच मागे मिळवला की तूट भरून निघते आणि सात-सात काढून जे उरले त्याची फेरी स्वच्छ दिसते. सदतीस वर्षे खतावणी लिहिलेल्या माणसाखेरीज हे इतके सोपे करून कोण सांगणार?

हे कळल्यावर मी स्वतः एक शोध लावला. शोध म्हणण्याइतका मोठा नाही, पण आयुष्यातला माझा पहिलाच. वर्षाच्या दिवसांनी, ३६५ ने, गुणून पाहिले. ५,२१,४२,८०५. शेवटचे सहा आकडे १४२८०५ आणि पुढचे ५२. बेरीज १४२८५७. म्हणजे गुणून गुणून आकडा जागचा हलला नाही, आणि पुढे ५२ कशाचे? वर्षातल्या आठवड्यांचे! वर्षाचे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, तो एक दिवस म्हणजे ही एकाची फेरी. म्हणूनच तारखेचा वार दरसाल एकाने सरकतो. २०२६ साली २६ जानेवारी सोमवारी, तर २०२७ साली मंगळवारी. लीप वर्षाच्या ३६६ ने गुणा, ५,२२,८५,६६२ येतात; ५२ मागे मिळवले की २८५७१४. दोनाची फेरी, दोन दिवसांची सरक. म्हणूनच २०२८ ची २६ जानेवारी बुधवारी आणि २०२९ ची एकदम शुक्रवारी. मी हे जेवताना जाहीर केले. कन्येने मोबाइलवर पडताळून पाहिले आणि ताटावरून उठून मला मिठी मारली. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता या महिन्याचं दुधाचं बिल तुम्हीच करा."

हा आकडा कन्येला शाळेत आधीच भेटला होता, तिने ओळखला नव्हता इतकेच. वर्तुळाच्या उदाहरणांत 'पाय'ची किंमत बावीस-सप्तमांश धरतात. बाविसातून एकवीस गेले की तीन पूर्ण आणि एक-सप्तमांश, म्हणजे ३.१४२८५७, आणि पुढे तीच फेरी. खरा पाय ३.१४१५९ असा चालतो. दोन दशांशस्थळांपर्यंत दोघे हातात हात घालून जातात, तिसऱ्याला वाटा फुटतात. बावीस-सप्तमांश रिंगणात फिरत राहतो. पाय कुठल्याच रिंगणात कधी सापडत नाही. दोन्ही एकच आहेत असे मी इतकी वर्षे समजत होतो. वाचकांतही माझ्यासारखे दोन-चार निघतील म्हणून सांगून ठेवले.

आता थोडे गावाकडचे. नाशिकला माझे बालपण गेले, आणि तिथून जवळच देवळालीला असा एक मनुष्य राहून गेला की ज्याने संख्यांवाचून दुसरा विचार केला नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. ६१७४ या संख्येला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. पण त्यांनी आणखीही एक जात शोधून ठेवली आहे. एखाद्या संख्येचा वर्ग करावा, तो दोन तुकड्यांत तोडावा, आणि तुकड्यांची बेरीज केली की मूळ संख्या परत यावी. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशांना 'कापरेकर संख्या' म्हणतात.

आपल्या पाहुण्याचा वर्ग मी केला. हाताने केला, पाऊण तास लागला, दोनदा चुकला. २०४०८१२२४४९. शेवटचे सहा आकडे तोडले, १२२४४९. पुढचे राहिले २०४०८. बेरीज १४२८५७! मला खरोखरच भरून आले. इतका मोठा वर्ग, त्यात एकही ओळखीचा चेहरा नाही, आणि दोन तुकडे जवळ आणताच मूळ माणूस पुढे उभा.

कापरेकरांनी आणखी एका जातीला नाव दिले आहे, आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून ते मला विशेष आवडले. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती 'हर्षद', हर्ष देणारी. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज सत्तावीस, आणि सत्ताविसाने भागले की ५२९१ येतात, बाकी काही नाही. म्हणजे हाही हर्षद. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनच्या त्या वेळच्या नावावरून 'डेम्लो' म्हटले. लोकलची वाट पाहताना आपल्यापैकी किती जणांना काय काय सुचते, आणि त्याचे पुढे काय होते! त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना हा सारा पोरखेळ वाटला. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि मग जगाला देवळाली कळली. १९८६ साली ते वारले. मी तेव्हा नाशिकातच होतो, अक्षरे गिरवत. नंतर दहावीपर्यंत तिथे शिकलो, पण त्यांचे नाव मी पहिल्यांदा वाचले ते यंदाच्या सप्टेंबरात, पंचेचाळिसाव्या वर्षी. हा दोष कुणाचा, ते मी शोधत नाही.

या आकड्याभोवती भोंदूपणाही कमी नाही. गुर्जिएफ नावाच्या गूढवादी गुरूने वर्तुळावर नऊ खुणा करून एक आकृती शिकवली. तिच्या सहा खुणा जोडणारी रेघ एक, चार, दोन, आठ, पाच, सात अशीच फिरते. आता त्यावरून माणसांचे स्वभाव सांगणारी पुस्तके निघतात. मला ती पटत नाहीत. आपण दहा आकड्यांत मोजतो म्हणून सात असा वागतो. आठ आकड्यांत मोजणारा कुणी असता तर त्याचा सात एका आकड्यातच फिरला असता. मग विश्वाचे रहस्य त्याने कुठे शोधायचे? मला तर रिंगण कसे चालते हे कळल्यावर जास्त मजा वाटते, कमी नाही.

कन्येचा पुढचा प्रश्न सरळ होता. "फक्त सातच असा का?" आम्ही तेराने भागून पाहिले. ०७६९२३ वर फेरी संपली. बाक्या झाल्या सहाच, व्हायला हव्या होत्या बारा. उरलेल्या सहा कुठे गेल्या? दोनाला तेराने भागले तेव्हा सापडल्या, १५३८४६. तेराच्या घरात दोन रिंगणे आहेत आणि एकातला गडी दुसऱ्यात जात नाही. अकराचे तर विचारू नका, दोन आकड्यांतच दम संपतो. पण सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस ही मंडळी साताच्या कुळातली. फरक एवढाच की दहाहून मोठ्या संख्येने एकाला भागताना सुरुवातीला शून्य आलेच. पहिल्या आकड्यापासून भरभक्कम, शून्याची टेकू न घेणारा असा चक्री आकडा एकच, तो आपला. कार्ल गाउसने १८०१ साली छापलेल्या ग्रंथात या आवर्ती दशांशांचा सारा कायदा मांडून ठेवला आहे. तरीही सातासारखे मूळ अंक किती, ते अनंत आहेत काय, हे अजून सिद्ध झालेले नाही. असावेत असा अंदाज एमिल आर्टिनने १९२७ साली केला, तो अंदाजच राहिला आहे. आठवीतल्या मुलीने जेवताना विचारावे आणि जगातल्या पंडितांनी मान हलवावी, असे प्रश्न माझ्या विषयात सहसा निघत नाहीत.

सहामाहीत तिला किती गुण पडले हे मी लिहिणार नाही. तशी तिची सक्त ताकीद आहे. उत्तरपत्रिकेत खाडाखोड मात्र पुष्कळ होती. एका उदाहरणावर तर तिने तीन वेळा रेघ मारून चौथ्यांदा मांडले होते आणि तरीही ते चुकले होते. मी त्या पानावर सही केली आणि बराच वेळ ते पाहत बसलो.

गेल्या रविवारी घरात चकल्यांचा घाणा चालू होता. आप्पा दिवाणावर पडल्या पडल्या एकदम म्हणाले, "आता बापाला बसव. एकाला सतरानं भागायला सांग."

मी म्हणालो, "आप्पा, मला सतराचा पाढा येत नाही."

"सातचा तरी कुठं येत होता? शेजारी मांडून घे."

मी मांडून घेतला. कन्या समोर बसली, वही तिच्याकडे उलटी. दहात जात नाही, शून्य. शंभरात पाच वेळा, बाकी पंधरा. दीडशेत आठ वेळा, बाकी चौदा. एकशे चाळिसात पुन्हा आठ, बाकी चार. आप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि मी प्रत्येक बाकी मोठ्याने म्हणत होतो, पाचवीतल्यासारखी. साठाशी आलो आणि उत्साहात चार लिहिले. "बाबा, सतरा चोक अडुसष्ट," कन्या म्हणाली. खोडून तीन केले. पुढे बरे चालले. सोळा, सात, दोन, तीन. एकशे तिसाशी पुन्हा अडलो. आठ लिहू की सात? हाताला घाम आला होता, खरेच सांगतो. दिवाणावरून कुणी काही बोलले नाही. मी आठ मांडून पाहिले, सतरा आठे एकशे छत्तीस, बसत नव्हते. सात घेतले, एकशे एकोणीस, बाकी अकरा. मग आठ, मग बारा.

वर सोळा आकडे झाले होते. ०५८८२३५२९४११७६४७. कन्येने मला न विचारता ते मधोमध तोडले आणि दोन्ही अर्धुकांची बेरीज मांडायला घेतली.

"शेवटची बाकी किती राहिली?" आप्पांनी विचारले.

"एक."

"मग मेळ बसला," ते म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळून झोपले.